मशीन चालू होतं

"म्हणजे व्हिसा फक्त छापूचोच रवलो मा?" सदानंद घाडीने काचेतल्या भोकांपाशी तोंड नेऊन विचारलं.

"हो," अकीला म्हणाली. "तेवढंच राहिलंय."

"मगे छापा."

अकीलाने मान खाली घातली. तिच्यासमोर टेबलावर नोटीस पडली होती, इंग्रजीत आणि अरबीत. सकाळी साडेसातला तिनेच टाइप केलेली. पुढील सूचना मिळेपर्यंत व्हिसाचं कामकाज बंद. काचेवर चिकटवायला ती उठणार तेवढ्यात हा माणूस आत आला होता. येणारच. बुधवारी तिनेच त्याला सांगितलं होतं, शनिवारी राष्ट्रीय दिनाची सुट्टी आहे, रविवारी सकाळी पहिले या आणि पासपोर्ट घेऊन जा.

तो पहिला आला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत नवा कोरा स्वेटर. दुकानाची चिठ्ठीही काढलेली नव्हती. ओहायोत बर्फ असतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

बहारीनच्या झिंज भागातल्या अमेरिकन वकिलातीच्या या कचेरीत व्हिसाच्या दोन खिडक्या होत्या, आणि दुसऱ्या खिडकीवर अकीला फणसोपकर सोळा वर्षं बसत होती. रत्नागिरीच्या शाळेत शिकलेली, लग्न होऊन बहारीनला आलेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेली बाई. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि कामापुरती अरबी अशा चार भाषांत ती लोकांना नम्रपणे सांगत असे: फोटो चालणार नाही, कागद अपुरे आहेत, पुढच्या आठवड्यात या. खिडकीच्या आतलं सगळं दुसऱ्यांचं होतं. नियम वॉशिंग्टनचे, शिक्का कचेरीचा, निर्णय साहेबाचा. तिचा फक्त आवाज.

सदानंद देवगडजवळचा. हमद टाउनमधल्या घरांना पाणी चढवणारे पंप दुरुस्त करायचं त्याचं काम, पंचवीस वर्षं एकाच कंपनीत. त्याची मुलगी विशाखा नर्स होती. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत, ओहायोला, नोकरीला गेली. डिसेंबरच्या नऊ तारखेला ड्युटीवरून परतताना बर्फावरून तिची गाडी घसरली. तेव्हापासून ती बेशुद्ध होती. तिच्याबरोबर राहणाऱ्या मल्याळी नर्सने कंपनीत फॅक्स केला, हॉस्पिटलचं पत्र पाठवलं. डॉक्टरांना घरचं माणूस हवं होतं. आई मंगला गावाला, तिचा पासपोर्टच नव्हता. राहिला बाप. बुधवारी, तेरा तारखेला त्याने अर्ज दिला, साहेबाने दहा मिनिटांत मुलाखत घेतली आणि मंजुरीची सही केली. एवढं भरभर काम अकीलाने क्वचित पाहिलं होतं. फक्त छापायचं मशीन दुपारी बंद करून झालं होतं. छपाई पुढच्या कामाच्या दिवशी; गुरुवार-शुक्रवार इथली आठवड्याची सुट्टी, शनिवारी राष्ट्रीय दिन.

"भाऊ, त्यांचं सरकार बंद पडलंय," ती म्हणाली.

"सरकार बंद? लढाई झाली काय?"

"नाही. भांडण झालंय. तिथं खर्चाचा कायदा दरवर्षी त्यांची संसद करते आणि राष्ट्राध्यक्ष त्याच्यावर सही करतात. यंदा संसदेने पाठवलेला कायदा राष्ट्राध्यक्षांना पसंत नाही, ते सही करत नाहीत. आणि सही होत नाही तोवर सरकारी खात्यांनी काम करायचं नाही."

सदानंदने मागे वळून भिंतीकडे पाहिलं. तिथे राष्ट्राध्यक्षांचा फोटो होता, झेंड्याशेजारी, हसरा.

"सही करूक नको म्हणणारो ह्योच काय?"

"हे एक. दुसऱ्या बाजूला साडेपाचशे जण आहेत, त्यांचे फोटो लावत नाहीत."

तो परत काचेकडे वळला. मग म्हणाला, "आमच्या वाडीत पण भाव भांडतत, ताई. दोन दोन पिढ्यो बोलणत नाय. पण म्हणान कोणी बावीर कुलूप घालणा नाय. पाणी सगळ्यांका लागता."

ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नोव्हेंबरात असंच झालं होतं. पाच-सहा दिवसांत मिटलं. उद्या येऊन बघा."

तो गेल्यावर तिने नोटीस काचेवर लावली, आणि मग सकाळपासून खटकत असलेली गोष्ट तिला नीट कळली. सकाळी डॉयलसाहेबाने सगळ्यांना जमवून यादी वाचली होती. डॉयल तिशीचा, व्हिसा विभागाचा मुख्य, वागायला सरळ. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे 'इसेन्शियल' किंवा 'नॉन-इसेन्शियल' लिहिलेलं होतं. नॉन-इसेन्शियल असतील त्यांनी घरी जायचं. माळी, लायब्ररीतली बाई, पत्रव्यवहार बघणारा कारकून, सगळे गेले. अकीला इसेन्शियल निघाली. तिला क्षणभर बरंही वाटलं होतं.

"म्हणजे मी काय करायचं, सर?" तिने विचारलं होतं.

"खिडकीवर बसायचं. लोक येतीलच. त्यांना सांगायचं, काम बंद आहे."

काम बंद आहे हे सांगायला माणूस आवश्यक होतं. काम करायला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सदानंदची फाईल घेऊन डॉयलच्या खोलीत गेली. माणसाच्या जिवाला धोका असेल तर अपवाद करता येतो, एवढा नियम तिलाही माहीत होता. डॉयलने परिपत्रक काढलं, ओळीखाली बोट ठेवून वाचलं.

"जीव धोक्यात आहे तो मुलीचा," तो म्हणाला. "व्हिसा हवाय वडिलांना. वडील गेल्याने तिचा जीव वाचेल, असं डॉक्टरांच्या पत्रात कुठे म्हटलंय?"

"सर, ती मरायला टेकली आहे."

"मला कळतंय, अकीला. मी वॉशिंग्टनला विचारतो. माझ्या मनाने केलं तर तो कायद्याने गुन्हा आहे. अतिशयोक्ती करत नाही मी, तसं लिहिलंच आहे."

त्याने तिच्यासमोर तार लिहिली, तिनेच ती टाइप केली. तार गेली.

सदानंद रोज येऊ लागला. सकाळची पाळी पहाटे सुरू करून दहापर्यंत आटोपायची, हमद टाउनहून बस पकडायची, अकराच्या सुमाराला कचेरीत. हाताला ग्रीसचा वास, नखांत काळं. ओळ नव्हतीच, दालन रिकामं असायचं. तो खिडकीशी यायचा, ती मान हलवायची, तो "बरां" म्हणायचा आणि बाकावर बसायचा. अर्ध्या तासाने उठून जायचा. तो आरडाओरडा करत नव्हता, याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. दारावरचा गार्ड एकदा म्हणाला, "काम बंद है तो क्यों बैठता है?" अकीला त्याला एवढं फाडकन बोलली की तो दोन दिवस तिच्याकडे बघेना.

बाकावर बसून सदानंद कधी बोलायचा, कधी नाही. विशाखा झाली तेव्हा तो इथेच होता. बारशाला गेला नाही, सुटी मिळाली नाही. दोन वर्षांनी महिनाभर, असं धरून पंचवीस वर्षांत त्याने मुलीबरोबर जेमतेम वर्षभर काढलं होतं. "चेडू माझा," तो म्हणाला, "पण माका तिचो आवाज फोनारचोच ठावक."

नाताळच्या सुट्टीनंतर वॉशिंग्टनचं उत्तर आलं. तारेच्या मशीनमधून कागद निघाला तेव्हा अकीला शेजारीच होती. संबंधित अधिकारी सक्तीच्या रजेवर असल्याने आपली विचारणा, ते कामावर रुजू झाल्यानंतर, क्रमाने हाती घेण्यात येईल. तिने ते दोनदा वाचलं. मग डॉयलच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि तिथेच उभी राहिली.

"अधिकार कुणाला आहे, सर?" तिने विचारलं.

"सध्या?" डॉयलने डोळे चोळले. "सध्या कुणालाच नाही."

"राष्ट्राध्यक्षांना?"

"संसद पैसा मंजूर करत नाही तोवर माझे हात बांधलेले आहेत, असं ते म्हणतात. त्यांनी सही केली तर एका तासात सगळं सुरू होईल, असं संसद म्हणते."

"म्हणजे दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात."

"आमची घटना तशीच रचली आहे, अकीला. कुणा एकाच्या हातात सगळं जाऊ नये म्हणून."

त्या दिवशी दुपारी घरी, गुदैबियातल्या फ्लॅटमध्ये, तिने भाताचं पातेलं ओट्यावर एवढ्या जोरात आदळलं की नवरा ताहिर उठून स्वयंपाकघरात आला. तो गोदीत स्टोअरकीपर होता, स्वभावाने थंड.

"काय झालां गो?"

तिने सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "तू कशाला जीव जाळतेस? आपण परकी माणसां. नोकरी सांभाळ."

लाईबा, त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, जेवता जेवता म्हणाली, "मम्मा, दॅट्स हाऊ इट वर्क्स. चेक्स अँड बॅलन्सेस. वी डिड इट इन स्कूल."

"काय शिकवलं शाळेत?"

"दे कीप अ चेक ऑन ईच अदर."

"एकमेकांना अडवतात," अकीला म्हणाली. "आणि अडून मरतं कोण, ते नाही शिकवलं?"

ताहिरने लाईबाच्या ताटात मासा वाढला. अकीला जेवली नाही.

तीन दिवसांनी, शनिवारी, डॉयलने तिला आत बोलावलं आणि छपाईच्या मशीनचं कुलूप उघडलं. एका आखाती सरकारचं शिष्टमंडळ अमेरिकेला निघालं होतं. अकरा पासपोर्ट.

"हे चालतं?" तिने विचारलं.

"हे सरकारी व्हिसा आहेत. परराष्ट्र संबंध हा राष्ट्राध्यक्षांचा थेट अधिकार. ते काम थांबत नाही."

ती बसली. मशीन गरम झालं, घरघरलं. एकामागून एक कागद निघू लागले, ती ते पासपोर्टांत चिकटवू लागली. सचिव. उपसचिव. सल्लागार. नवव्या पासपोर्टात व्यवसाय लिहिला होता, स्वयंपाकी. तिने परत वाचलं. स्वयंपाकीच. त्याच्या व्हिसावर तिने अंगठा दाबला, कागद नीट बसेपर्यंत.

अकरा झाले.

"सर," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. "अकरा छापले. बारावा छापू?"

डॉयलने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता तो हो म्हणेल. तेवढ्यात बाहेर त्याचा फोन वाजला आणि तो उठून गेला. दार उघडंच होतं. किल्ली मशीनमध्येच होती.

सदानंदचा पासपोर्ट तिच्या खणात होता. हात लांब केला की मिळेल इतका जवळ. तिने तो काढला, कोरं पान उघडलं. मंजुरीचा कागद आत टाचलेला होता, सहीसकट. नाव, नंबर, तारीख घालायला तिला दीड मिनिट लागलं असतं. बाहेर डॉयल बोलत होता. मशीन चालू होतं, तिच्या पोटरीला त्याची ऊब लागत होती.

छापायचे कागद मोजलेले असतात. प्रत्येकावर नंबर असतो. बारावा गेला हे संध्याकाळी कळणार, आणि कुणी घेतला हे विचारायचीही गरज पडणार नाही. मग नोकरी जाईल, कदाचित इथे राहायचा परवाना, रेसिडेन्सही. ताहिरचं तोंड तिच्यासमोर आलं, लाईबाची शाळा आली. पान उघडं धरून ती बसून राहिली.

डॉयल परत आला तेव्हा पासपोर्ट खणात होता. त्याने किल्ली फिरवून काढली, खिशात टाकली. बाराव्याबद्दल तो काही बोलला नाही. तिनेही परत विचारलं नाही.

तिला आयुष्यात अनेकदा राग आला होता. सासूचा, घरमालकाचा, साहेबांचा. पण या रागाला बाहेर जायला वाट नव्हती. वॉशिंग्टनमधल्या ज्या माणसांचा तो होता ती तिला कधी दिसणार नव्हती. आणि जे माणूस दिसत होतं ते ती रोज आरशात केस विंचरताना बघत होती.

त्या दिवशी सदानंद अकराला आला. तिने मान हलवली. तो "बरां" म्हणाला आणि बसला. रविवारीही तसंच झालं. त्यानंतर तो आला नाही. एक जानेवारीला कचेरी बंद होती, दोनला आला नाही, तीनला आला नाही.

सहा तारखेला वॉशिंग्टनमध्ये सही झाली. सातला, रविवारी, खिडक्या उघडल्या. डॉयल सकाळी सर्वांच्या आधी आला होता. त्याने तुंबलेल्या फायलींच्या ढिगातून सदानंदची फाईल काढून वर ठेवली होती.

"हा पहिला," तो म्हणाला.

अकीलाने तो छापला. घाईत कागद जरा तिरका बसला. कंपनीत फोन केला. तिथल्या क्लार्कने सांगितलं, घाडी ड्युटीवर नाही, निरोप देतो.

सोमवारी तो आला. दालन भरून वाहत होतं, तीन आठवड्यांची माणसं एका दिवशी उलटली होती. तो नंबर घेऊन ओळीत थांबला. अकीलाला तो लांबूनच दिसला, आणि तिने आधीच पासपोर्ट काढून हाताशी ठेवला. त्याचा नंबर आला.

"भाऊ, झाला," ती म्हणाली. "काल सकाळी सगळ्यांत पहिला तुमचाच छापला. आजचं विमान बघा."

"विशाखा मंगळवारी गेली, ताई," सदानंद म्हणाला.

तो ते इतक्या साध्या सुरात बोलला की मागे उभ्या माणसाने ऐकूनही मान वर केली नाही.

"तिची मैत्रीण होती थंय. तिच्याबरोबरच्या पोरींनी सगळा केला. पेटी बुधवारी मुंबैक येतली. माका मुंबैक जावचा आसा, म्हणान पासपोर्ट होयो."

अकीलाने पासपोर्ट खालच्या फटीतून सरकवला. त्याने तो उघडला. व्हिसाच्या पानावर येऊन थांबला, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"ह्येच्यार तारीख आसा?"

"आहे. सात जानेवारी."

"तां बरां झाला." तो काचेजवळ आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला, आणि तो अकीलावर चढला नव्हता. "मंगला माझ्याशी बोलणा नाय. फोन घेणा नाय. भावाकडसून सांगल्यान, बारशाक तुमका सुटी गावली नाय, धावीच्या परीक्षेक गावली नाय, आता मरताना पण गावली नाय. तिका वाटता मी अर्जच केलय नाय. हंय पंप बघीत बसलय. तिका सरकार बंद पडता म्हणान कसा पटतला? माझ्याच कोणाक पटणा नाय. आणि ह्या इंग्लिश तिका वाचूक येणा नाय." त्याने पासपोर्ट मिटला. "तुमी मराठीत लिवन द्याल? दोन वळी."

अकीलाने खण उघडला. वरचा साधा कागद बाजूला केला आणि खालचा, कचेरीचं नाव छापलेला कागद घेतला. सोळा वर्षांत त्या कागदावर तिने हजारो पत्रं टाइप केली होती, एकही मराठीत नाही आणि एकाखालीही तिची सही नाही. तिने पेन घेतलं आणि हाताने लिहायला लागली. मागची रांग कुरकुरायला लागली. ती लिहीत राहिली.

'सौ. मंगला सदानंद घाडी यांस,

आपले यजमान सदानंद घाडी यांनी मुलीकडे जाण्यासाठी ता. १३ डिसेंबर रोजी अर्ज केला. तो त्याच दिवशी मंजूर झाला. त्यांचे कागद पूर्ण होते. कंपनीने सुटी दिलेली होती. त्यानंतर ते जवळजवळ रोज कामावरून या खिडकीवर येत होते. आम्ही व्हिसा छापून दिला नाही. मशीन चालू होतं. उशीर आमच्याकडून झाला, त्यांच्याकडून नाही.'

खाली तिने सही केली. सहीखाली पूर्ण नाव लिहिलं, अकीला ताहिर फणसोपकर, आणि त्याखाली, खिडकी नंबर दोन. मग कचेरीचा गोल शिक्का उचलून शाईत दाबला आणि सहीशेजारी उमटवला.

मागे डॉयल उभा होता. केव्हा आला ते तिला कळलं नव्हतं.

"हे काय आहे?"

"पत्र आहे, सर."

"कुठल्या भाषेत?"

"माझ्या."

"शिक्का कुणाच्या परवानगीने मारला?"

"कुणाच्याच नाही, सर."

डॉयलने त्या कागदाकडे पाहिलं, मग काचेपलीकडच्या माणसाकडे. त्याने त्याला ओळखलं. "मला हे वर कळवावं लागेल," तो म्हणाला.

"कळवा," अकीला म्हणाली.

तो आपल्या खोलीत निघून गेला. तिने कागद फटीतून पलीकडे सरकवला.

सदानंद तिथेच उभा राहून वाचू लागला. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, शाळेत वाचावं तसं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"ह्यां तुमी कित्या आपल्या अंगार घेतास?"

"मी इथंच बसले होते ना, भाऊ."

त्याने मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नाही. पासपोर्ट त्याने पिशवीत टाकला, हातातल्या इतर कागदांबरोबर, कसाही. पत्राच्या मात्र त्याने चार घड्या घातल्या, ते शर्टाच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि वर तळहात ठेवला. तसाच हात ठेवून तो ओळीतल्या माणसांतून वाट काढत दारापाशी गेला. बाहेर उन्हात तो बसथांब्याकडे वळेपर्यंत अकीलाला त्याचा तो वाकलेला कोपर दिसत राहिला.